कवळी खांद्याच्या पिशवीत ठेवा

अहो, ऐकताय ना,

मी लग्नघरी सुखरूप पोचले. पत्र आपली नवरी नातच लिहून घेतेय, म्हणून तुमच्या खोड्या निम्म्याच सांगते.

निघताना कवळी आणि गोळ्या खांद्याच्या पिशवीत ठेवा. माझी कवळी मोठ्या बॅगेत गेली आणि बॅग दोन दिवसांनी आली. तोवर व्याह्यांसमोर मी तोंड मिटून बसले. ते म्हणाले, "आजी किती शांत आहेत." हसा आता.

गुडघ्यांचं निमित्त नको. विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते, मीही मिरवले.

एवढ्या लांब लग्न कशाला, म्हणून रुसलात, ते पुरे झालं. तुमच्या येण्याचा विषय निघाला की पोरीचं पेन थांबतं. आत्ताही थांबलंय.

माझ्याशेजारची खुर्ची मी पिशवी ठेवून अडवीन. पण पिशवीला आशीर्वाद देता येत नाही.

तुमची,
दोन दिवस शांत राहिलेली