मेनकाठचा चंदर

प्रिय बाबा,

परवा फोनवर तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, आता जर्मनी पुरे, म्हाताऱ्याचं तिथे काय काम. जयंत नेहमीसारखा गप्प. तुमच्यापुढे त्याची कुठली बोलायची हिंमत! म्हणून म्हटलं, सूनबाईनेच लिहावं. फोनवर मला रडू येतं आणि तुम्ही घाबरून फोन ठेवता.

बाबा, गेल्या उन्हाळ्यात तुम्ही र्युसेल्सहाइमला आलात, तेव्हा पहिला आठवडा बाल्कनीत बसून नुसते कंटाळलात. मग नदीवर शेजारचे फोग्टआजोबा भेटले आणि तुम्ही आम्हाला विसरलातच. त्यांना मराठी येईना, तुम्हाला जर्मन, तरी रोज संध्याकाळी मेन नदीच्या काठावर दोघांची जोडी! जूनपर्यंत त्सांडर मासा धरायला बंदी आहे म्हटल्यावर तुम्ही केवढे खूश झालात. अंडी घालणाऱ्या माशाला इथेही सोडतात म्हणजे माणसं आपल्यातलीच, म्हणालात. त्सांडर जिभेवर बसेना म्हणून त्याचं चंदर केलंत. फोग्टआजोबा अजून चंदरच म्हणतात, शप्पथ! ते गळ टाकताना 'पेत्री हाइल' म्हणायचे, मासा लागो अशी इथली शुभेच्छा. तुम्ही ऐकलंत 'पितरी', आणि घरी येऊन कौतुकाने सांगितलंत, बघ मीनल, ही माणसं पाण्यावर गेली की आधी पितरांना आठवतात. जयंत पोट धरून हसला होता. त्यांनी दिलेल्या पहिल्या चंदरचं कालवण तुम्ही केलंत, त्याची चव अजून माझ्या तोंडात आहे.

आणि मग जुलैत एके दिवशी नदीत काही दम नाही म्हणालात, काठावर जाणं सोडलंत. तिकीट पंधरा ऑगस्टचं, पण नारळी पुनवेला घरी पाहिजे म्हणून आधीच निघालात. आम्ही खुळे, खरं मानलं.

काय घडलं ते मला मागच्या आठवड्यात कळलं. आपल्या क्षितिजाने इथली मासेमारीच्या परवान्याची परीक्षा द्यायचं मनावर घेतलं होतं, आम्हाला वाटलं सोळाव्या वर्षाचं खूळ. एका रात्री पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. त्यात लिहिलं होतं, बंदीच्या दिवसांत चंदरचा नर घरट्यावरून हलत नाही, कोणी डिवचलं तरी पिल्लांना सोडून जात नाही. एवढं वाचलं आणि पोरगी ढसाढसा रडायला लागली. मग सगळं बाहेर आलं. फोग्टआजोबा कुणाशी बोलायला वळले, त्यांची गळाची काठी वाकली, आणि जन्माच्या सवयीने तुम्ही ती धरलीत. नेमका तपासनीस आला, परवाना मागायला लागला. तुमची नजर मैत्रिणींबरोबर जाणाऱ्या क्षितिजाकडे गेली, तसं त्याने तिला विचारलं, हे तुझे कोणी लागतात का? आणि ती 'नाइन', म्हणजे नाही, म्हणून पुढे निघून गेली.

तेवढं जर्मन तुम्हाला येत होतं, बाबा. तरी घरी येऊन तुम्ही एक शब्द काढला नाहीत. जयंतने तिला फोडून काढलं असतं, मीही सोडलं नसतं. तिच्यापुढे तुम्ही पहिल्यासारखेच हसत राहिलात, जाताना तिला चिकू पाठवायचं कबूल केलंत आणि पाठवलेतही. ते खाताना तिला काय वाटलं असेल! तुमचे उपकार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. आम्ही आई-बाप असून जे शिकवू शकलो नसतो, ते तुम्ही गप्प राहून शिकवलंत.

काल ती पास झाली. एक जूनला बंदी उठते. काठी ती धरेल, तेवढा कायदा पाळा. ढील कधी द्यायची, कधी ओढायचं, ते तुम्ही सांगायचं, मराठीत. याल ना? त्या तपासनीसाला द्यायचं राहिलेलं उत्तर तिने खाली लिहिलंय. मराठी अक्षर वेडंवाकडं आहे, पण मी हात धरलेला नाही. त्यासाठीच हे पत्र.

तुमचीच,
मीनल

हे माझे आजोबा आहेत. पितरी हाइल.
क्षितिजा