भाऊबीजेचा निळा डोंगा

३ ऑक्टोबर, शुक्रवार
काल दसरा झाला. सोनं वाटलं, पाया पडून झालं. आज पक्कं ठरवलं. यंदा भाऊबीजेले मी एसटीनं जाणार नाही, आपल्या लोखंडी डोंग्यानं पाण्यातून जाईन. ताराचंदचं, माझ्या भावाचं गाव, पाण्यापल्याड इथूनच दिसते. पण एसटी पुलावरून फिरून जाते, आन मी उतरते तवा लुगड्याच्या निऱ्या पार बसून गेल्या राहतात. मंगलाबाई, माझी भावजय, दारातूनच म्हणते, आल्या का बाई, थकल्या असान. मागच्या वर्षी तिनं मले घराचा नवा रंग दाखवला. भिंतीले हात लावू देल्ला नाही.
तेजरामले सांगितलं. पोरगा मासोळीचं जाळं शिवून राहिला होता. म्हणे, माय, डोंग्याले जंग चढून आहे, रंग देल्ल्याशिवाय मी तो पाण्यात टाकत नाही. भाऊबीजेपर्यंत रंग झाला तं नेतो, नाही तं एसटी आहेच. म्हणलं, रंग मी देते. त्यानं जाळ्यात तोंड घातलं. सुनेनं, रत्नमालानं, तोंडाले पदर लावला. तिले खोकला झाला असन.
मी चौथीपर्यंतच शिकली, पण सारवणात या गावात माझ्या हाताले जोड नाही. रंग म्हणजे तरी काय, उभं सारवण.

४ ऑक्टोबर, शनिवार
कोंढ्याले गेली. कैलाशचं रंगाचं दुकान आहे तिथं. म्हणे, मनकर्णा काकी, आधी घासपेपरनं जंग काढा, मग लाल प्रायमर मारा, मग त्याच्यावर ऑइल पेंट. लोखंड आहे, पाण्यात राहाणार आहे. मले पाहिजे निळा आन हा मले लाल दाखवून राहिला. दुकानदारच तो. त्याची माय पण अशीच होती, बाजारात वांगे मागितले तं कोथिंबीर गळ्यात मारे. पण बाई मनाची चांगली होती.
मी फक्त रोलर घेतला. निळा रंग घरीच आहे. मागच्या दिवाळीले भिंतीले मारलेला डिस्टेंपर, अर्धी बकेट धानाच्या कोठीमागं पडून आहे. भिंतीवर वर्षभर टिकला. भिंतीवर टिकते तं पत्र्यावर कायले नाही टिकन.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी
घासपेपरची काय गरज. चुलीतली राख आन नारळाची शेंडी घेतली. हातभर जागा घासली, चांदीवानी निघाली. मग उकिडवं बसून टोंगळे दुखले. बसून विचार केला, जे रंगाखाली जाणार ते घासून दाखवायचं कोणाले. नवरीच्या पायाले मेंदी लावतो, तळव्याच्या भेगा थोडी मोजतो.
राहिलेलं उद्या घासीन.
रात्री दूध आटवलं. रत्नमालानं साखर कमी टाकली. ते वेगळं.

७ ऑक्टोबर, मंगळवार
नाही घासलं. हवा बरी नव्हती.

९ ऑक्टोबर, गुरुवार
रोलर ज्यानं शोधला त्याले माझ्या हातचे वडे खाऊ घालीन. बांबूले बांधला, वाकायचं कामच नाही. एक बाजू चहाच्या आधी, दुसरी चहाच्या नंतर. आंगणात आभाळ उतरल्यावानी दिसून राहिलं. शेजारची रुखमिणी पाहून गेली, मग जाऊन तिच्या घरच्या सगळ्याईले घेऊन आली. एवढं कौतुक माझ्या लग्नात नव्हतं. हसत हसत गेले सारे.
तेजराम म्हणे, माय, बूड पहिले रंगवायचं असते. म्हणलं, बूड पाण्यात राहते. मंगलाबाई काय डुबकी मारून पाहाणार आहे?

१० ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी पाहिलं तं निळ्यातून तांबडे ठिपके वर आले. आधी जीव चरकला. मग दुरून पाहिलं, मस्त दिसते. बुट्ट्याच्या लुगड्यावानी. तरी दुसरा हात मारला. रंग पुरत नव्हता म्हणून गडूभर पाणी टाकलं. वरणाले टाकतोच ना, पाहुणे वाढले तं.

१२ ऑक्टोबर, रविवार
आज आतून रंगवला.
सारवणाचा नेम आहे. पल्याडच्या भिंतीपासून सुरू करा, मागं मागं सरका, दारातून बाहेर निघा. म्हणजे पाय उमटत नाही. माझ्या सासूनं शिकवलं, तिचं बोलणं तिखट होतं पण सारवण आरशावानी. मी तसंच केलं. पहिले दोन्ही कडा रंगवल्या, मग समोरच्या टोकापासून मागं मागं सरकत आली. मागच्या टोकाले पोचली तवा ध्यानात आलं की डोंग्याले दार नसते. ही बनवणाऱ्याची चूक आहे.
बसायची फळी तेवढी कोरडी होती, तिच्यावर बसली. रत्नमालाले म्हणलं, मी काम तपासून राहिली. तिनं चहा लांबूनच देल्ला. रुखमिणी कुंपणावरून विचारते, बाई, कुठं निघाली सवारी? म्हणलं, माहेरी. म्हणे, हाव, पोचान मंग पोळ्यापर्यंत.
सांजच्याले तेजराम आला, मले धानाच्या पोत्यावानी उचलून बाहेर काढलं. तोंड फिरवून घेतलं होतं. पण पोट हालत होतं त्याचं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
रात्री पाण्याची एक सर येऊन गेली. सकाळी आंगणात निळं पाणी. रत्नमालाची पांढरी कोंबडी निळी. तेजरामनं कोंबडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणे, माय, रंग कोणता आणला? म्हणलं, निळा. खोटं थोडी बोलली.
काही बिघडलं नाही. जास्तीचा होता तो निघून गेला. नवं लुगडं पण पहिल्या धुण्यात रंग सोडते, मग पक्कं होते.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा
शेवटचा हात मारला. बकेट खरवडून सरली. डोंगा असा दिसून राहिला की मीच त्याले नजर लावीन. तेजराम आताही म्हणे, माय, आपण एसटीनं गेलो असतो. म्हणलं, तू बोलला होता. उठून वल्हं काढाले गेला. पोरगा शब्दाचा पक्का आहे, माझ्यावर गेला.
मंगलाबाईले फोन लावला. म्हणलं, उद्या घाटावर उभी राहाजो, निळा डोंगा दिसन. म्हणे, हो बाई, गल्लीतल्या साऱ्या बायाईले घेऊन येतो. ताराचंद म्हणे, यंदा ओवाळणीत काय द्यायचं ते तुले पाहूनच ठरवतो. हिरवं लुगडं असन. मागच्या वर्षी मी दोनदा बोलून दाखवलं होतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज, सकाळ
डोंग्याले हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मोतिया रंगाचं लुगडं नेसली, निळ्यावर उठून दिसते. निघालो.

त्याच दिवशी, सांज. ताराचंदच्या घरी
पोचलो.
मधात पाण्यात तेजराम वल्हं मारता मारता थांबला. म्हणे, माय, मागं पाह. मागं पाण्यावर निळी रेघ होती, आपल्या घाटापासून इथवर. म्हणलं, चांगलंच आहे, रस्ता चुकणार नाही. तो म्हणे, मग पायाजवळचं पाणी पण उपस. तांबड्या ठिपक्याच्या जागीच बुडातून पाणी येऊन राहिलं होतं.
घाटावर मंगलाबाई साऱ्या बायाईले घेऊन उभी होती. डोंगा लागला. तिनं डोंगा पाहिला, मग दूर पाण्यात पाहिलं. म्हणे, बाई, निळा डोंगा मागून येऊन राहिला का?
मी उठून उभी राहिली तं बाया एकदम चूप झाल्या. मग नाही राहिल्या. डोंग्यावर बसला नाही तो रंग माझ्या लुगड्याले मागून पक्का बसला होता.
घरी आल्यावर ताराचंदले ओवाळलं. त्यानं तबकात ओवाळणी ठेवली, तबक हातात वाकलं. लुगडं एवढं जड राहत नाही. लाल प्रायमरचा डबा होता. म्हणे, बाई, खिडकीच्या गजाले आणला होता, अर्धा उरला. मंगलाबाईनं वरून घासपेपर ठेवला आन त्याच्यावर सुपारी.
भावाच्या ओवाळणीले नाही म्हणू नये. घेतली.
तेजराम डोंगा उद्या एकटाच नेणार, वजन चालणार नाही म्हणते. मी एसटीनं जाईन. डबा मांडीवर घेऊन बसीन. त्याचं झाकण जरासं ढिलं आहे, पण मी धरून ठेवीन.