दामूनं पुणं सोडलं

मार्गशीर्ष शु. ३, शके १८१७

दामू आला. न कळवता. वळकटी, ट्रंक, मोजणीची पट्टी, सगळं घेऊन. मी खळ्यावर भात झोडत होते. "सुट्टी का रं?" तर मान हलवली. हो की नाही, समजलं नाही. भाकरी अर्धी टाकली.

पुण्याच्या इंजिनेरी कॉलेजात पहिलं वर्ष झालं त्याचं. आपल्या भाऊबंदांत तिथवर गेलेला हा पहिलाच, म्हणून माझे दीर गणपतभावजी गावभर मिरवलेले. ट्रंक का आणली, विचारायचा धीर झाला नाही. मला! धीर नाही!

शु. ५

नापास. भिंतीकडं बघून सांगितलं. परत जाणार नाही म्हणतो.

मी ओरडले. ओरडायला नको होतं. ओरडले.

मग तुकड्यातुकड्यानं निघालं. खाणावळीत ह्याचं पान ओसरीवर, वेगळं. नकाशे काढताना शेजारचा दौतही सरकवायचा नाही. मास्तर ह्याला फळ्याशी उभा करून पोरांना हसवायचा. "आये, वरसभर माझ्या तोंडातून आवाज निघाला तो हजेरीला."

बरं, मग आता करणार काय? तर गोधडी तोंडावर ओढली.

शु. ७

रोज दुपारी नदीला जातो. डोहावरच्या खडकावर बसतो. आंघोळ नाही, मासे नाही, नुसता पाण्याकडं बघत. मी धुणं घेऊन मागं जाते. धुतलेलंच धुते. "आये, किती धुशील?" म्हणाला. तरी जाते.

विहिरीवरचा दोर घरात आणून ठेवला. जाऊ म्हणाली, "जाऊबाय, आता पाणी कशानं काढू?" म्हटलं, माझ्याकडं माग. कारण नाही सांगितलं.

शु. १०

बोलला एकदाचा. मुंबईला यंत्रांचं शिकवणारी शाळा आहे म्हणे. रस्ते, पूल, पाट सोडून हा इंजिनं शिकणार. चाकं, वाफेचे बंब. तिथं हातानं काम करायचं, कानस मारायची, भट्टी पेटवायची. कोण कुणाच्या पंगतीला बसलं ते कुणी बघत नाही.

बंब म्हटल्यावर माझं वाल सोलणं थांबलं.

हे इंजिनावर आगवाले होते. गाडी घाट चढताना मागून ढकलतं त्या इंजिनावर. बंबातली नळी फुटली, वाफ अंगावर आली. घरी आणलं तेव्हा मी आवाजावरून ओळखले. म्हणून तर पोराला रस्त्यापुलांकडं घातला. ही अक्षरं त्यानंच मला पाटीवर शिकवली, आणि आता त्याच अक्षरांनी हे लिहायचं

म्हटलं, "मी मेल्यावर जा." तो उठून नदीला. मी धुणं घेऊन मागं.

वद्य १

गणपतभावजी ओटीवर येऊन बसले. "वैनी, पोराला लाडावलात तुमी. मुसक्या बांधून पुण्याला नेतो का नाय बघा."

"न्या की. पन तिथं त्याच्याशेजारी निजंल कोन?"

"म्हंजे?"

बोललं की खरं होतं. भावजींनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कोपऱ्यातल्या दोराकडं. तंबाखू मळायची तशीच हातात राहिली. उठून गेले.

वद्य ४

देवीला कौल लावला. उजवी पाकळी पडली तर पुणं, डावी पडली तर मुंबई. गुरवानं फुलाच्या दोन्ही पाकळ्या भिजवून मूर्तीला चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. बसलो. बसलो. ऊन उंबऱ्यावरून आत आलं. एकही पडेना.

गुरव म्हणाला, "आई इचार करतीय."

"किती करनार?"

चिडला. "बाय, आईला घाई करतीस?" पुन्हा लावू म्हणाला. मी उठले. घरात एक गप्प, देवळात एक गप्प. मी कुणाकुणाची मनधरणी करू?

घरी येऊन गालात मारून घेतलं. देवीवर चिडायचं नव्हतं. आता त्याचंही भय.

वद्य ६

दुपारी खडकावर नव्हता. आंब्याखाली नव्हता. डोहावर वाकून बघितलं. काय बघायला वाकले ते लिहिणार नाही.

पळत स्टेशनाकडं गेले. पुण्याकडं जाणारी गाडी उभी, मागं घाटाचं इंजिन लावत होते. तिथं दामू. कोपरापर्यंत काळा. बरोबर इब्राहिम फिटर, ह्यांच्या वेळचा. ओरडत होता, "अरं शिकल्याल्या, पाना उलटा धरलायस!"

आणि दामू हसला. मोठ्यानं.

जिता आहे म्हणून देवीला हात जोडले. कुठं हसतोय ते बघून तसेच राहिले. हाक मारली नाही. परत आले.

पौष शु. २

दामूला म्हटलं, जा. नदीचं भय रोजचं झालं. बंब निदान

नाही लिहिता येत पुढं.

दामू म्हणतो, शाळा लगेच घेत नाही. पुण्याचं वर्ष धरत नाहीत, पहिल्यापासून सुरुवात. तेही आधी कारखान्यात काम करून दाखवायचं, मग घ्यायचं का नाही ते ठरवणार. भावजी म्हणाले, "म्हंजे वरीस पान्यात."

मी म्हटलं, "वरीसच ना."

भावजींनी ट्रंकेचं कुलूप बघायला घेतलं.

शु. ५

गेला.

निघताना हातावर दही कोण घालणार? पुण्याला निघाला तेव्हा जावेनं घातलं. मी विधवा, मोरीत उभी होते. आज म्हणतो, "आये, तूच घाल." जावेनं तोंडाला पदर लावला.

"माझ्या हातचं नको रं. तुझी काकू हाय की."

"मागल्या टायमाला काकूचंच खाल्लं. काय झालं?"

जावेला लागलं ते. पण वाटी तिनंच आणून माझ्या हातात दिली. घातलं. निम्मं जमिनीवर सांडलं. उरलेलं त्यानं चाटलं, पाया पडला, निघाला. भावजी ट्रंक घेऊन मागं.

आता काही झालं तर माझ्या हातानं झालं. कुणी तोंडावर म्हणणार नाही. मीच म्हणेन.

शु. ९

इंजिनांच्या शेडमध्ये गेले. ह्यांच्यामागं पहिल्यांदाच. इब्राहिमभाईला म्हटलं, बंब दाखवा.

"वैनी, लुगडं काळं व्हईल."

"होऊ दे. दाखवा."

थंड इंजिन होतं. आगीच्या दारातून आत डोकं घातलं. नळ्याच नळ्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या. वास तोच, ह्यांच्या सदऱ्याचा. डोकं बाहेर काढलं. इब्राहिमभाई बंबाच्या वरचं वाफ सुटायचं तोंड दाखवत होता. "वाफ जास्ती झाली की हितून सुटती. बोंबलत सुटती. समद्यांना कळतं."

"मग तवा का नाय बोंबललं?"

फडक्यानं हात पुसत राहिला. पुसलेलेच पुसत. मग म्हणाला, "ती नळी व्हती वैनी. नळी सांगत नाय."

आता नळ्या तपासतात म्हणे. म्हटलं, सगळ्या? रोज? त्याला तिकडून कुणी हाक मारली, तो गेला. हाक मारलेली मला तरी ऐकू आली नाही.

शु. १३

दामूचा निरोप आला. मुंबईहून येणाऱ्या गाडीच्या गार्डानं आणला. बरा आहे. शाळेत घेतलं का, ते अजून सांगितलेलं नाही. कानशीचं काम पसंत पडलं. आजपासून बंबावर.

आजपासून. म्हणजे आत्ता.

गार्ड म्हणाला, "उद्या मी माघारी उतरेन, तेव्हा सांगतो त्याला. काय सांगू?" घाटाचं इंजिन लावेपर्यंत गाडी थांबतेच. मी डब्याला धरून उभी. इंजिन लागलं, धक्का बसला, गाडी हलली. तेव्हा ओरडले, "जेवतो का, विचारा!"

विचारायचं होतं ते नळ्यांचं.

गार्डानं निशाण हलवलं. मला की डायव्हरला, कोण जाणे.

ओटीवर बसून लिहिते आहे. घाटात त्या गाडीचा धूर दिसतो. मधेच थांबला. झाडाआड असेल. अजून दिसत नाही.