पान सत्तेचाळीस, खाली डावीकडे

ती. आक्का,

नमस्कार. गुडघ्याचं काय म्हणणं? इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण तुमची धाकटी बहीण (म्हणजे माझी बायको) कालपासून "जेवण झाकून ठेवलंय" यापलीकडे माझ्याशी बोललेली नाही, तेव्हा खोटं कशाला लिहू?

झालं असं की, संगीताच्या मासिकात तिची मुलाखत आली. इतकी वर्षं गाऊन पहिलीच. तिनं अंक पुढ्यात ठेवून कसं वाटतं म्हणून विचारलं. शहाणा नवरा "छान" म्हणून मोकळा झाला असता. पण मी पानांच्या मांडणीचा वर्ग केलेला (प्रमाणपत्रासह), त्यामुळे पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसलो. मथळ्याची अक्षरं चेहऱ्यापेक्षा मोठी, मजकुराचे स्तंभ रांगेत चेंगरल्यासारखे, समास इतका अरुंद की वाक्यं पानावरून खाली पडावीत, आणि समोरच्या पानावरच्या ड्रमवाल्याचं कोपर थेट हिच्या नाकाशी. फोटो तर काडेपेटीएवढा, तोही कोपऱ्यात. "वाचकाची नजर तुझ्यावर ठरतच नाही," असं मी म्हणालो (वर्गात या वाक्याचं कौतुक झालं होतं). तिनं अंक मिटला. तेव्हापासून रियाजही बंद, आणि शनिवारी कार्यक्रम. घरात इतकी शांतता आहे की गळका नळ सुरात आहे की नाही तेही कळतं.

माझं धाबं दणाणलं. आज सकाळी मासिकाच्या कचेरीत गेलो. मांडणी करणाऱ्या बाईंनी हिला फोन करून चार बरे शब्द बोलावेत, एवढीच विनंती करायची होती. पण जिभेला हाड नाही; समासापासून कोपरापर्यंत सगळं ऐकवलं. त्यांनी चहा मागवला आणि संगणकावर हिचा एक पानभर फोटो उघडला. स्टुडिओत काढलेला, झकास.

"मी हाच लावला होता," त्या म्हणाल्या. "गायिकाबाईंनीच तो काढून टाकायला लावला. दुसरा दिला आणि हाच हवा म्हणून अडून बसल्या. तो मोठा केला की धूसर होतो, म्हणून कोपऱ्यात."

दुसरा म्हणजे आमच्या मागच्या गॅलरीतला. ओले केस, कशावर तरी हसतेय. आक्का, तो मी काढलेला आहे.

घरी आलो तर ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते असं की, पान क्रमांकाचा टाइप मात्र सुवाच्य आहे. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टॉवेल उचलला.

तुमचा,
भेदरलेला मेहुणा

ता. क. पत्राचं खरं कारण : शनिवारी याच, आणि त्याआधी तिची समजूत काढा. मांडणीचा विषय नको. मी लिहिलंय हेही नको.

ता. क. दुसरा : आक्का, यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलंय. माझा घसा बसलाय. शनिवारपर्यंत आवाजाला विश्रांती दे म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. मी यांना तेव्हाच सांगितलं होतं, पण हे समास मोजत होते. तू यांना काही कळवू नकोस. घाबरले की भांडी फार स्वच्छ घासतात.