माझ्या सीटचं गुप्त कुलूप

२९ फेब्रुवारी २००४, रविवार
चार वर्षांतून एकदा येणारी तारीख. संकल्पाला याहून चांगला दिवस मिळायचा नाही.
आज हर्षालीला बघून आलो. शहापूरच्या अलीकडे गाव. वडील पंढरीमामा, घरी सहा म्हशी, दुधाचा धंदा. दोन्हीकडून पसंती. साखरपुडा २८ मार्चला त्यांच्या अंगणात.
मुलगी लाजाळू आहे. माझ्याशी एकच वाक्य बोलली. गाडीचा सायलेन्सर असाच वाजतो का बिघडलाय, असं विचारलं. म्हणजे सगळा वेळ लक्ष गाडीवर होतं. साहजिक आहे. जुन्या मोटरसायकलची एवढी मॉडिफाय केलेली गाडी तिने बघितली कुठे असणार? रुंद हँडल, मोकळा सायलेन्सर, मागून वर उचललेली लांब सीट. सगळं डोकं माझं.
संकल्प : साखरपुड्याची अंगठी मी स्वतः गाडीवरून नेणार. आई आणि लहानीआत्या जीपने येतील. सरळगावला जीपमध्ये वीस माणसं कोंबतात, तिथे अंगठीचा काय भरवसा! सीटखाली पत्र्याचा कप्पा करणार. त्याला बिनचावीचं कुलूप. गुप्त जागी वायर ओढायची, सीट खट्‌कन उघडणार. मुरबाड तालुक्यात असं कोणाकडे नाही.

३ मार्च
मुरबाडला लडकूच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. डिझाइन समजावलं. लडकू बोलला, त्यापेक्षा चावीचा लॉक लाव ना, दहा मिनिटांचं काम हाय. मी म्हटलं, चाव्या हरवतात. माझ्या तीन हरवल्यात, अनुभवाने बोलतोय.
मग तो बोलला, वायर तुटली तर काय करशील, एक दुसरी खालून सोडून ठेव. मी म्हटलं, दोन दारं असलेलं गुपित कसलं रे गुपित? त्याने वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला. पटलं असणार.

७ मार्च, धुळवड
बाकी गाव रंगात, मी ग्रीसमध्ये. सायकलच्या ब्रेकची वायर हँडलखालून नेऊन सीटच्या हुकाला बांधली. ओढली. खट्! सीट वर! अकरा वेळा उघडली. बाराव्या वेळी आई बोलली, तुझं उघडणं झालं असंल तर जेवून घे.

९ मार्च
किरकोळ अडचण. हँडल डावीकडे वळवलं की वायर ताणली जाते आणि सीट उघडते. हे मला नाक्यावर कळलं. नाक्यावरच्या सगळ्यांनाही कळलं.
पण शांतपणे विचार केला. घर ते कंपनी, डावीकडे वळणं फक्त दोन.

१० मार्च
दोन्ही डावी वळणं टाळून कंपनीत गेलो. पाऊण तास उशीर. सुपरवायझरला कारण टेक्निकल असल्याचं सांगितलं. त्याला टेक्निकल समजत नाही.

१४ मार्च
वायर टाकीखाली आणली. डावीकडे बिनधास्त वळलो. उघडायला हात घातला तर इंजिन तापलेलं. मलम लावून लिहितोय. अक्षर वाईट आलंय ते त्यामुळे.

१६ मार्च
फायनल जागा सापडली. डाव्या बाजूच्या झाकणामागे वायरचं टोक, टोकाला कडी. बोट घातलं तरच सापडते. आता देव आला तरी त्याला उघडता यायची नाही.

१८ मार्च
लोड टेस्टिंग करायचं ठरवलं. कंपनीतल्या जैतूला म्हटलं, मागे बस, घरी सोडतो. तो बोलला, नको रे, एसटी बरी, तिथं धरायला दांडा तरी असतो. गेल्या महिन्यात कंपनीतलाच लखमाही असंच काहीतरी बोलून चालत गेला. लोकांना नव्या गोष्टीची भीती वाटते.
तसंही मी मागे कोणाला बसवत नाही. तत्त्व आहे. आजपासून.

२१ मार्च, गुढीपाडवा
गाडीला हार, हळदकुंकू, नारळ. लहानीआत्या साखरपुड्यासाठी आठ दिवस आधीच आलीय. तिला सीट उघडून दाखवली. ती बोलली, छान हाय, पण आत ठेवणार काय? अंगठी म्हटल्यावर तिने आईकडे बघितलं. आईने आत्याकडे बघितलं. दोघींना कौतुक वाटलं असणार.
लग्नानंतर हर्षालीला तानसाला नेणार. धरणाच्या रस्त्याला ती मागे, मी पुढे. मागची सीट तिच्यासाठीच राखून ठेवलीय इतके दिवस. मनातलं लिहायचं तर त्या एका फेरीसाठी ही सगळी गाडी बनवली. अजून मुलगीसुद्धा ठरली नव्हती तेव्हापासून.

२७ मार्च, शनिवार
अंगठी डबीत, डबी कप्प्यात, सीट बंद. शेवटची टेस्ट म्हणून तीस वेळा उघडझाप केली. वायरचे दोन धागे सुटलेत. एवढ्या धाग्यांत दोन म्हणजे काहीच नाही.

२८ मार्च, सकाळी ७.४०
निघतोय. नवीन शर्ट. वही खिशात घेतलीय, ऐतिहासिक दिवस आहे.

सकाळी ९.१०
किन्हवलीला चहा. निघताना आई दारात दोन्ही हात हलवत होती. आत्या तर पार रस्त्यापर्यंत धावत आली. काहीतरी ओरडत होत्या, सायलेन्सरमुळे ऐकू आलं नाही. आशीर्वादच असणार. डोळे भरून आले.

सकाळी १०.३०, पंढरीमामांची पडवी
पोचलो. जीपचा पत्ता नाही. अंगणात मांडव, साठ-सत्तर माणसं. सगळे गाडीभोवती. हर्षाली हिरव्या साडीत. जीप येईपर्यंत लोकांना कुलूप दाखवावं म्हणतो.

सकाळी ११.००
किरकोळ अडचण.
सगळ्यांना मागे सरायला सांगितलं, झाकणामागे बोट घातलं, ओढलं. कडी हातात आली. कडीला चार बोटं वायर. बाकीची वायर आत, अंगठी आत.

सकाळी ११.२५
लिहायला वेळ आहे, कारण आता गाडीजवळ मला कोणी येऊ देत नाही. हर्षालीने पदर खोचला, वाकून खालून बघितलं. बोलली, वायर तुटलीय, दुसरी सोडून नाय ठेवली का? मी गुपित आणि दोन दारांचं समजावलं. तिने ऐकून घेतलं. लाजाळू आहे.
बारा वाजता मुहूर्त. भटजी घड्याळ बघतायत. पंढरीमामांनी मला विचारलं, अंगठी हाय ना नक्की? एवढ्या लोकांसमोर अंगठी नाही म्हणजे काय, हे मलाही कळतं. फोन करावा तर जीपमध्ये मोबाइल कोणाकडे असणार!

सकाळी ११.४०
पंढरीमामांनी कोयता मागवला. मी नको म्हटलं. मग पहार पण मागवली.

सकाळी ११.५५
सीट उघडली. उघडली म्हणजे रेग्झिन फाटलं, स्पंज अंगणभर, प्लायचे दोन तुकडे. कोंबड्या स्पंज खातायत.
कप्पा रिकामा.

संध्याकाळी, घरी
सविस्तर लिहितो.
कप्पा रिकामा बघून मांडवातली सगळी माणसं एक पाऊल पुढे आली. पंढरीमामा माझ्याकडे बघत होते, हातात पहार. मी चोर, एक्सपर्ट चोर, असं काहीतरी बोलत होतो. तेवढ्यात जीप आली.
आई उतरली, कमरेची पिशवी सोडली, डबी काढली आणि भटजींच्या हातात दिली. मुहूर्त चार मिनिटं टळला, भटजी बोलले चालतं.
झालं असं. सकाळी लहानीआत्या नारळांना शेंडी ठेवून सोलत होती. बसायला पाट नव्हता म्हणून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसली. आई सगळ्यांसमोर सांगत होती : आत्या बसली, आत्या उठली, तर पाठोपाठ सीट पण उठली. मागं वजन आलं का हूक निसटतो त्याचा. डबी उघड्यावर दिसली, मी काढून घेतली, सीट दाबून लावली. तुला किती हाका मारल्या रे, गावाला ऐकू गेल्या.
म्हणजे पाव तास कोयता-पहार चालली, तेव्हा कोणी नुसतं मागे बसून उठलं असतं तरी भागलं असतं.
हर्षाली आधी तोंडावर पदर धरून हसत होती. मग पदर सुटला. अंगठी घालताना माझा हात तिच्या हसण्याने हलत होता. पण घातली. झालं एकदाचं. खरं सांगायचं तर इतकं बरं वाटलं की सीटचं दुःख जेवताना आठवलं.
जेवणावर पंढरीमामा बोलले, माझा गुडघा धरल्यापासून दूध घालायला हर्षालीच जाते माझी मोटरसायकल घेऊन, शहापूरपर्यंत, दोन किटल्या बांधून. मी म्हटलं, असं का.

४ एप्रिल, रविवार
लडकूने गाडीभोवती दोनदा फिरून सीट बघितली. मग नवीन प्लाय मारून दिला. कुशनवाला पंधरा दिवस मोकळा नाही. वर गोणपाट, सुतळीने आवळलं. कुलूप नाही.
हर्षालीच्या गावी गेलो. पंढरीमामांनी तानसापर्यंत जायला परवानगी दिली, अंधार पडायच्या आत परत या बोलले. मी किक मारली. हर्षालीने मागच्या सीटकडे बघितलं, उंची बघितली, हाताने दाबून बघितली. मग बोलली, उतरा तुमी, मी चालवते.
गाडीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही, असं सांगायचं होतं. मागे बसलो.
ती चांगली चालवते. डावीकडे पण. मात्र मागची सीट फार वाईट आहे. उतार असल्यामुळे माणूस पुढे घसरतो, धरायला काही नाही, खड्डा आला की थेट मणक्याला कळतो. दोनदा ओरडलो. हे आजवर मला कोणी सांगितलं कसं नाही?
धरणावर पोचल्यावर मी ते बोलून दाखवलं. हर्षाली बोलली, आतापर्यंत बसलंय किती जण मागं?
आठवून बघितलं. लहानीआत्या, तीही गाडी स्टँडवर असताना. आणि आज मी.