तिसरं तळवडे

बाबा,

नुसतं ‘तळवडे’ म्हणालास आणि मेलास. कुठलं तळवडे, ते सांगायला तुझी जीभ झडत होती? लहानपणी विचारलं की चुलीतलं लाकूड उगारायचास. आई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली, तिथेच मेली, माहेर तळवडे, संपलं. मी दुसरीतून काढलेली पोर, मला एवढ्यावर काय कळणार होतं?

तुझ्या नातीचं लग्न ठरलं तेव्हा गुरवाने देवाला कौल लावला. म्हणाला, पोरीच्या आजीच्या गावच्या देवीची ओटी राहिली आहे. म्हाळाच्या दिवसांत ओटी घेऊन कोण निघतं? पण भातकापणीआधी मला सवड तेवढीच. नारळ, तांदूळ, खण पिशवीत घातले आणि एकटी निघाले. कंडक्टर विचारतो, “खंयच्या तळवड्याक, बायो? देवगडच्या, राजापूरच्या की सावंतवाडीच्या?” मी म्हटलं, “आयेच्या म्हायाराक.” “म्हायार खंय ता ठावक नाय?” सगळी गाडी हसली. ते हसणं तुझं होतं, मी खाल्लं.

देवगडच्या बाजूच्या तळवड्यात घरोघर विचारलं. एक म्हातारी म्हणाली, “आमच्यातली नाय गो ती. पण इलंस तशी पेज जेवन जा.” राजापूरच्या बाजूला तर कुत्री अंगावर आली. ओटीचा नारळ तसाच घेऊन सावंतवाडीच्या बाजूचं तळवडे गाठलं. तिथे विचारत गेले तर एका घराच्या खळ्यात वाकलेली बाई कुंपणावर पान ठेवून कावळ्यांना बोलावते आहे. कपाळावर हे एवढं कुंकू. मी तुझं नाव, गाव, मचवा, सगळं सांगितलं. मी तिची मुलगी, तेही सांगितलं.

ती म्हणाली, “माझा चेडू पटकीच्या साथीत मेला. तेच्या बापाशीनच सांगान धाडल्यान. ह्या पान तेचाच.”

मी उभी, आणि समोर कावळा माझा वडा खातोय. इकडे मी दर म्हाळाला तिचं पान वाढत आले. दोघी जिवंत, आणि जेवले कावळे! तिला म्हणालास मी मेले, मला म्हणालास ती मेली, आणि वर दुसरी आणून तिच्या हातची भाकरी खात बसलास. तेव्हा ना रस्ता, ना गाडी. कोण बघायला येणार होतं?

मी म्हटलं, “आये, मीच ती.”

“मेलेला मानूस दारात येता? माझ्या चेडवाचा खावक इलंस? चल, जा!” आणि मग, मी वळल्यावर, “तो बरो आसा मा?”

मी म्हटलं, “आसा.” पिशवीतली देवीची ओटी काढून तिच्या पदरात घातली. विधवेची ओटी भरली मी, बाबा. खोटं बोलताना जीभ जराही अडली नाही, तुझीच ना मी. तिने ओटी घेतली. घरात ये, म्हणाली नाही.

हा कागद कुठे टाकणार? चुलीतच जाईल. पण तिने तुझं काय वाईट केलं होतं, ते मला कळलं पाहिजे. स्वप्नात ये, गुरवाच्या अंगात ये, कसाही ये. सर्वपित्रीला पानं वाढायच्या आत उत्तर दे. नाहीतर यंदा तुझ्या पानावर बसणाऱ्या कावळ्याला मी दगड मारीन.