बाईंचं मागणीपत्र

अण्णा, तुम्ही औषध भांडाराचे प्रमुख होता आणि मी तुमच्या हाताखाली कारकून, तेव्हाचं लिहितोय. जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांची वर्षाची मागणीपत्रं एकदम यायची आणि तुम्ही ती एकेक वाचत बसायचा, चहा निवून जायचा. मागू तेवढं मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून सगळे वाढवून मागायचे. तुम्ही कागदावर बोट ठेवून सांगायचा, "ह्यो दुप्पट लिवतो, ह्येचं निम्मं कर. ह्यो पावणा नवा हाय, अजून भितोय, ह्येला थोडं वाढवूनच दे." आणि बिद्रीकडच्या एका केंद्रातल्या फार्मासिस्ट बाईंचा कागद आला की म्हणायचा, "हिच्या आकड्याला हात लावायचा न्हाय. ही बाई गोळ्या न्हाय, माणसं मोजून लिवती." खरंच, त्यांच्या कागदावर प्रत्येक औषधापुढे रुग्णांची संख्या असायची. सत्तावीस, त्रेचाळीस, असे अडनिडे आकडे.

मला ते तुमचं सगळं अंदाजपंचे वाटायचं. मी कॉम्प्युटर कुठल्या क्लासला जाऊन शिकलो नव्हतो. एक जुनं पुस्तक समोर ठेवून, एकेक बटण दाबून शिकलो होतो आणि त्याचा मला माज होता. थोडा अजूनही आहे. त्या वर्षी मागणीपत्रं आली तेव्हा तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होता. मी मागच्या तीन वर्षांचं वाटप ताडून तक्ता केला आणि सगळ्यांची मागणी सरसकट एक तृतीयांश कापली. सगळ्यांना एकच नियम. बाईंच्या ओळीवर आलो तेव्हा हात थांबला होता, हे खरं. पण एकीला सूट दिली तर तो तक्ता कसला, असं मनाशी म्हणून पुढे गेलो.

ज्यांनी दुप्पट मागितलं होतं त्यांना पुरून उरलं. बाईंकडच्या फिटच्या गोळ्या मात्र वर्ष संपायच्या खूप आधी संपल्या. त्यांनी तातडीची मागणी पाठवली, तेव्हा आपल्या भांडारातही शिल्लक नव्हती. गोळ्या बंद पडल्यावर त्या गावातल्या एका लेकुरवाळीला भाकरी भाजताना फिट आली आणि ती चुलीवर पडली. वाचली. पण उजव्या हाताची बोटं आखडली ती आखडलीच.

तुमचा दुसरा डोळाही तेव्हा नुकताच झाला होता. काळा चष्मा लावूनच तुम्ही ऑफिसात आलात आणि उभ्या उभ्या विचारलंत, "बाईचं कापलं कुणी?"

मी म्हणालो, "कॉम्प्युटरनं."

"मग घे त्येला काखोटीला, आन् बाईम्होरं नेऊन उभा कर की."

मी जागचा हललो नाही. तुम्ही एकटेच एसटीनं गेलात. बाईंना काय म्हणालात ते मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं. "चूक माझ्या टेबलावरची हाय," एवढंच तुम्ही म्हणाला होतात, आणि मग त्या भाजलेल्या बाईच्या घरीही जाऊन आला होतात.

पुढच्या वर्षी बाईंचं मागणीपत्र आलं. सगळे आकडे गोल. पाचशे, हजार, दोन हजार. रुग्णांच्या संख्येचा रकाना रिकामा. तुम्ही कागद उचलून त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलंत. मग तो माझ्याकडे सरकवत म्हणालात, "आता हिचं बी कापाय लागणार." त्यापेक्षा आईवरून शिवी घातली असती तर मला सोसली असती.

अण्णा, आता औषधांचं नियोजन कसं करायचं हे मीच लोकांना शिकवतो. काल राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये नव्या फार्मासिस्ट मंडळींपुढे ही गोष्ट सांगितली. खरं मागणाऱ्याचं कापलं की पुढच्या वर्षी खरं कळायची वाटच बुजते, हे त्यांना समजावं म्हणून. चांगली सांगितली, अगदी त्या गोल आकड्यांसकट. तेव्हा मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "पण सर, ती कापाकापी केली कुणी?"

मी ग्लासातलं पाणी प्यालो. म्हणालो, "तेव्हाचे एक भांडारप्रमुख होते. जुन्या वळणाचे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ती मुलगी वहीत लिहून घेत होती.

तुमचं नाव मी सांगितलं नाही. आता तुम्ही आहात तिथला पत्ता असता, तरी हे पत्र मी पेटीत टाकलं नसतं.